शब्द पुरा होईस्तोवर

पुंडलिकरावांनी मोबाइलवरच्या माइकच्या खुणेवर अंगठा दाबून धरला आणि तोंड उघडलं.

"वा..."

जीभ तिथंच अडली. पुढचं अक्षर जुळवायला त्यांना वेळ लागे. तेवढ्यात माइक बंद झाला आणि शब्दकोशाच्या ॲपमधली बाई म्हणाली, "वा. शाबासकीचा उद्गार."

त्यांना 'वावर', म्हणजे शेत, म्हणायचं होतं. लकव्यात गेलेली वाचा याच ॲपवर एकेक शब्द घोकून थोडी परत आली होती. काल 'वावर' नीट उमटलं होतं. आज सकाळपासून ती बाई नुसती शाबासकी देत होती.

फोन खाटेवर उलटा टाकून ते काठी टेकत दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तुरीची डाळ पाखडणं सोडून विमलताई त्यांच्या मागं मागं.

"दा..."

"दार लावू?"

त्यांनी मान हलवली.

"दाढी करून द्याची का?"

त्यांनी तोंड फिरवलं. मग जेवताना भाजी हातानंच नको म्हणाले.

दुपारी विमलताईंनी परसात जाऊन नागपूरला मुलीला, अपेक्षाला, फोन लावला.

"तुह्या बाबाची जीभ मांगं चालली व. कालचा शब्दही आज येऊन नाही राह्यला."

अपेक्षानं सगळं विचारून घेतलं, आपल्या फोनवर तेच ॲप उघडून पाहिलं.

"आई, हे ॲपच बदललं. पहिले बोट उचलेपर्यंत ऐकत होतं. आता माणूस मधात थांबला का त्याले वाटते, बोलणं झालं. बाबाले काही नाही झालं."

विमलताईंना सकाळचं आपलं 'दार लावू?' आठवलं.

"आई, ऐकून राह्यली ना?"

"हो."

त्या घरात आल्या, तेव्हा पुंडलिकरावांच्या फेऱ्या चालूच होत्या.

"फोन बदलला म्हणते अपेक्षा. तुम्ही नाही."

ते थांबले. खाटेवरच्या फोनकडे पाहिलं, मग विमलताईंकडे.

"पा..."

तांब्याकडे गेलेला हात विमलताईंनी मागं घेतला. ओठांवर आलेला शब्द गिळला. पुंडलिकरावांच्या गळ्याची शीर ताणली. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज पार विरला. तरी त्या काही न बोलता उभ्या राहिल्या.

"पा...य," ते म्हणाले. "दुख...त असन तुहे. बस."