उष्ट्याचा सूर

पारोळ्याहून पिंपळनेरला निघालेल्या बँडच्या गाडीत वेस्ताला सगळ्यांत मागे, ढोलांशेजारी बसवलं होतं. त्याचं तोंड आलं होतं. गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरे व्रण पडलेले, भोवती लाल किनार. भाकरीसुद्धा पाण्यात बुडवून गिळावी लागत होती. बँडचा मालक आणि मुख्य ट्रम्पेटवाला जीवराम मास्तर याने सकाळीच फर्मान काढलं होतं: वेस्ताचा पेला वेगळा, ताट वेगळं, आणि पोरीच्या आसपास त्याने फिरकायचं नाही.

"मी ढोल वाजवतो, मास्तर. ढोलाला काय तोंड लावतो का मी?" वेस्ता मागून कुरकुरला.

"गप बस. लागण झाली म्हणजे?"

पोरगी म्हणजे दिपमाला, जीवरामच्या थोरल्या भावाची मुलगी. कॉलेजात शिकत शिकत ती काकाकडे ट्रम्पेट शिकली होती आणि आज प्रथमच लोकांसमोर उभी राहणार होती, तेही मुकाबल्यात. नवरदेवाकडचा एक बँड, नवरीकडचा एक, दोघे समोरासमोर. लग्नाला आलेलं अख्खं गाव पंच.

त्यांच्या बँडची एक रीत होती. नव्या शिष्याच्या पहिल्या मुकाबल्यात गुरूने एक ओळ वाजवायची, आपला माउथपीस तसाच ओला-गरम काढून शिष्याला द्यायचा आणि शिष्याने तो न पुसता ओठाला लावायचा. गुरूच्या उष्ट्याने सूर उतरतो, असं सगळे मानत. जीवरामला ते उष्टं त्याच्या बापाने दिलं, बँडमधल्या दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला, समाधानला, जीवरामने. ज्याला मिळालं नाही तो जन्माचा कच्चा. मास्तर सख्ख्या पुतणीला हात राखून शिकवतो, असं पारोळ्यात बोललं जात होतं. आज त्या तोंडांना कुलूप लागणार होतं.

फक्त सकाळपासून जीवरामच्या ओठाचा डावा कोपरा चुरचुरत होता. दरवर्षी लग्नसराईच्या उन्हात तिथे 'जर' उठायचा: आधी चुरचुर, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस, मग खपली. त्याने तूप लावलं, वर रुमाल धरला आणि विषय संपवला.

धुळ्यात ढोलाची दोरी घ्यायला गाडी थांबली. समोरच दातांचा दवाखाना दिसला.

"काका, वेस्ताभाऊला दाखवू या," दिपमाला म्हणाली. "नाहीतर लग्नात वरण-बट्टीकडे नुसता बघत बसेल तो."

डॉक्टर कामिनीने वेस्ताच्या तोंडात बॅटरी मारली. "दाढ तुटलीय. तिची धार घासून घासून गाल सोलला जातोय." तिने धार गुळगुळीत केली, लावायला मलम दिलं, मिठाच्या पाण्याने चुळा भरायला सांगितलं आणि तिखट बंद केलं. "दोन आठवड्यांत भरलं नाही तर परत यायचं, अंगावर काढायचं नाही. तंबाखू खाता?"

"थोडी."

"ती थोडीसुद्धा सोडा."

"त्याचा पेला आम्ही वेगळा ठेवलाय," जीवराम जबाबदार माणसाच्या सुरात म्हणाला.

"कशाला? हे एकाचं दुसऱ्याला होत नाही." बोलता बोलता तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "तुम्ही रुमाल का धरलाय? काढा बघू." तिने वाकून ओठ पाहिला. "पेला तुमचा वेगळा पाहिजे."

वेस्ता मलम लावलेल्या तोंडाने एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"हाऊ उन्हाळाना शे, डॉक्टर," जीवराम उखडून अहिराणीवर आला. "आमना बठ्ठा बँडले उठस!"

"सगळ्या बँडला? मग पहिल्यांदा कुणाला उठला?"

जीवराम बोटांवर मागे मोजत गेला. वैशाखात बापाचा ओठ फुटलेला त्याला आठवला. मग स्वतःचा. मग समाधानचा.

कामिनीने सरळ सांगितलं. हा विषाणू आहे. एकदा शिरला की नसेत मुक्काम ठोकतो, ऊन, जागरण, ताप आला की डोकं वर काढतो. चुरचुर सुरू होताच गोळी घेतली तर लवकर आटोपतं. फोडाला हात लावू नका, लागलाच तर धुवा, डोळ्यांना तर लावूच नका. तान्ह्या बाळाचा मुका घ्यायचा नाही.

"आणि माउथपीस?" दिपमालाने विचारलं.

"ओठाला लागणारं काहीच दुसऱ्याला द्यायचं नाही. फोड नसतानाही कधीकधी लागण होते."

बापाने सुराबरोबर आणखी काय दिलं होतं, ते जीवरामला त्या दवाखान्यात उमगलं.

गाडी साक्रीच्या रस्त्याला लागली. दिपमाला म्हणाली, "काका, मला चालेल. उन्हाळ्यात ओठ सुजला तर सुजला. कच्ची म्हणून घेणार नाही मी."

"ओठ तुझा आहे का बँडचा?" जीवराम खेकसला. पण कच्ची म्हणणाऱ्यांना ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

पिंपळनेरात समोरच्या बँडने मांडव दणाणून सोडला. मग यांची पाळी आली. गर्दीतून ओरडा झाला, "मास्तर, पोरले उष्टं द्या!" दिपमालाने हात पुढे केला. समाधान ट्रम्पेट खाली करून बघू लागला.

जीवरामने आपला ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. "आमच्याकडे उष्टं बंद. हिचा माउथपीस हिचा."

कुजबुज उठली. तो झांजवाल्याकडे गेला, त्याच्या हातातून झांज घेतली आणि दिपमालाच्या मागे जाऊन उभा राहिला. बँडमध्ये झांज नवशिक्याची. मुख्य ट्रम्पेटवाल्याने ती धरलेली कुणी पाहिली नव्हती. "मास्तर झांजवर!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि कुजबुज थांबली.

दिपमालाचा पहिला सूर थरथरला. मागून झांजेचा ठोका पडला, ठाम. वेस्ताने ढोल उचलून धरला. दुसऱ्या ओळीला दिपमाला वरच्या सुरावर चढली आणि तो तिने असा धरून ठेवला की समोरच्या बँडचा मास्तर उठून उभा राहिला. मांडवातल्या बाया नाचायला उतरल्या.

सूर आला कुठून, ते विचारायला एक म्हातारे आबा जीवरामच्या कानाशी आले. "उष्टं नही दिधं, मंग सूर कथाईन उना रे?"

"तिना शे, आबा. तिनाच."

बोलण्याच्या नादात झांज चुकली. दिपमालाने वाजवता वाजवता मागे वळून मास्तरवर डोळे वटारले.