फ्रिडोलिनला सोबत

वाल्टर जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याची बायको लिझलोट ओप्लिगर सुखात होती. ही गोष्ट बुर्गडॉर्फ गावात कुणाच्याच पचनी पडत नव्हती. बेकरीतली बाई पाव बांधून देताना मान तिरकी करून विचारायची, "कसं काय, चाललंय ना?" लिझलोटने "मजेत" म्हटलं की त्या बाईचे डोळे भरून यायचे. बिचारी किती धीराची!

वाल्टर वाईट नव्हता. तो फक्त कायम असायचा. एक्केचाळीस वर्षं घरात कुठेही जा, तिथे वाल्टर बसलेला किंवा नुकताच उठून गेलेला. आता लिझलोट पलंगाच्या मधोमध झोपायची, दुपारी चार वाजता बटाट्याची रोश्ती थेट तव्यातूनच खायची आणि रेडिओवरचा माणूस आवडला नाही तर त्याला अर्ध्या वाक्यात बंद करायची. नोकरीची सदतीस वर्षं तिने पोस्टाच्या खिडकीत काढली होती. काचेपलीकडची माणसं तिला आवडायची. काचही आवडायची.

तिचा मुलगा रेटो मात्र आईच्या एकटेपणाने हैराण होता. रेटो चव्वेचाळीस वर्षांचा, आणि त्याचा धंदाच मुळी माणसांना एकत्र बसवायचा. कचेऱ्यांमध्ये जाऊन तो भल्याभल्या कारकुनांना गोलात बसवायचा, एकमेकांकडे लोकरीचा गुंडा फेकायला लावायचा आणि संध्याकाळी म्हणायचा, "बघा, आता तुम्ही एक झालात." दुसऱ्या दिवशी ते कारकून पुन्हा आपापली दारं लावून बसत, पण तोवर रेटो पुढच्या कचेरीत पोचलेला असे.

"तुला सोबत होईल," असं म्हणून त्याने आधी एक अंजिराचं झाड आणून टाकलं होतं, कारण त्याच्या गच्चीत ते मावेना. मग व्यायामाचं यंत्र आणलं. मग त्याच्या मुलीचं, नोराचं, मन घोड्यांवर बसलं आणि तिचा हॅमस्टर आजीच्या सोबतीला आला. हॅमस्टर बुटक्या जातीचा, अक्रोडाएवढा, नाव फ्रिडोलिन. तो दिवसभर झोपायचा, अंधार पडू लागला की उठून चाक फिरवायचा, गालात दाणे कोंबायचा आणि कुणाला काही मागायचा नाही. लिझलोटला तो फार आवडला. दोघांचंही एकमेकांवाचून काही अडत नव्हतं, आणि त्यामुळेच दोघांचं छान जमलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी रेटोची नजर पिंजऱ्यावर गेली.

"आई, हा एकटाच आहे?"

"तूच एकटा आणलास."

"गिनीपिग एकटा ठेवणं आपल्याकडे कायद्याने मना आहे, माहीत आहे ना?"

"हा गिनीपिग नाही रे."

"तत्त्व तेच!" रेटो म्हणाला.

लिझलोटला ते पटलं नव्हतं. पण या देशात कायद्याचं नाव निघालं की तो नक्की कुठल्या प्राण्याचा आहे हे विचारायच्या आधी माणूस तो पाळायला लागतो. त्यात ती सरकारी पोस्टातली. तिने वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की ही जात बहुधा एकटीच बरी, लहानपणापासून जोडीने वाढलेलेसुद्धा पुढे भांडतात. रेटोने पुस्तकाचं साल बघितलं आणि हसून ते मिटलं. पुढच्या रविवारी तो बाल्ट्स नावाचा दुसरा हॅमस्टर घेऊन हजर झाला. सोबत एक छापील कागदही होता. तो त्याने फ्रिजवर चिकटवला. वर लिहिलं होतं: सहवासाच्या पाच पायऱ्या.

पायरी पहिली: दोघं वेगळे, पण एकमेकांचा आवाज कानावर पडेल असे. दुसरी: एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे, म्हणजे वासाची ओळख होते. तिसरी: मधे जाळी. चौथी: दोघांपैकी कुणाचीच नाही अशा जागेत भेट. पाचवी: एकच घर. खाली बारीक अक्षरात होतं की भांडण झाल्यास उघडा हात मधे घालू नये.

"घाई करायची नाही," रेटो म्हणाला. "हळूहळू सवय होते. त्यांना कळतसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात लिझलोटच्या नणंदेचा, हेडीचा, फोन येऊ लागला. हेडी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बर्न शहरात नदीकाठच्या जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी. खिडकीतून नदीचं वळण दिसायचं, आणि असं घर शहरात आता कुणी मरेपर्यंत रिकामं होत नाही. गेल्या हिवाळ्यात ती पडली होती, पण आता काठी घेऊन बाजार करत होती. दोघींचं वाईट नव्हतं. नाताळला आणि वाल्टरच्या दिवसाला भेटायच्या, बाकी वर्षभर एकमेकींबद्दल चांगलं बोलायच्या. आता मात्र रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला हेडीचा फोन. बोलायला दोघींकडे काही नसायचं.

"रेटो म्हणाला, तुला बरं वाटेल," हेडी म्हणायची.

"मला तो म्हणाला, तुला बरं वाटेल," लिझलोट म्हणायची. मग दोघी हवेबद्दल बोलायच्या.

पुढच्या रविवारी रेटोने हेडीची घोंगडी आणून आईच्या सोफ्यावर पसरली. "राहू दे इथे, उबदार आहे," म्हणाला आणि जाताना लिझलोटची राखाडी शाल उचलून घेऊन गेला. लिझलोटला घोंगडीतून सिगारेटचा आणि कापराच्या मलमाचा वास आला. तिने ती खिडकीबाहेर झटकली. त्यानंतरच्या रविवारी त्याने बैठकीच्या खोलीत एक घडीची लाकडी जाळी उभी केली आणि पलीकडे एक खाट सरकवली. "खोली किती छान दिसते बघ!" तो म्हणाला. तो गेल्यावर लिझलोट दूध काढायला फ्रिजपाशी गेली आणि तिथेच थबकली.

तिने कागदावर बोट ठेवलं. आवाज. अंथरूण. जाळी. बोट तसंच चौथ्या पायरीवर आलं आणि तिला आठवलं की येत्या गुरुवारी रेटोने दोघींना कॉफीला बोलावलं होतं. "तुझ्याकडेही नको, आत्याकडेही नको," तो म्हणाला होता. "मधल्या कुठल्यातरी ठिकाणी."

दुधाचं भांडं तसंच ठेवून तिने सहा वाजायची वाट न बघता फोन लावला.

"हेडी, माझ्या शालीला कसला वास येतो?"

"डांबराच्या गोळ्यांचा," हेडी म्हणाली. "मी ती गॅलरीत टांगलीय. तू माझ्यासाठी विणलीस म्हणाला तो."

"मी दहा वर्षं वापरलेली शाल आहे ती. हेडी, तुझ्याकडे काही बदललंय का गं? घरात?"

हेडीने जरा विचार केला. "तसं काही नाही. रेटो परवा स्वयंपाकघराची मापं घेऊन गेला. म्हणे, भिंतीला ओल आहे का बघतो. घडीची पट्टी इथेच विसरला. आणि तळघरात त्याचे बर्फावर घसरायचे बूट आणून ठेवलेत, सगळ्यांचे. तात्पुरते म्हणाला."

मग लिझलोटने तिला कागद वाचून दाखवला, पाचही पायऱ्या, खालच्या बारीक अक्षरांसकट. पलीकडून हेडीने काडी ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी बाल्ट्स," हेडी म्हणाली.

"हो. आणि माझ्या घरात यायचंय तुला."

"मला नाही यायचंय!"

"मलाही तू नकोयस," लिझलोट म्हणाली, आणि तिला एकदम इतकं मोकळं वाटलं की ती हसायलाच लागली. हेडीही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. दोन आठवड्यांच्या फोनांत दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी खरं बोलल्या होत्या.

फोन ठेवल्यावर मात्र लिझलोटचं हसू ओसरलं. ती घाबरली होती. आजवर तिने रेटोला नाही म्हटलं नव्हतं. झाड आलं, यंत्र आलं, हॅमस्टर आला. आता बाई येणार होती, आणि पलंगाचा मधला भाग जाणार होता. "नको" हा शब्द पोस्टातल्या खिडकीवर तिने हजारदा उच्चारला होता. पोटच्या पोरासमोर त्याच्या जागी "बरं" निघायचं.

गुरुवारी दोघींनी कॉफी प्यायली, अक्रोडाचा केक खाल्ला आणि रेटो बघत असताना एकमेकींना बशी पुढे केली. रेटोने खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं.

पाचवी पायरी रविवारी होती, दोन्ही जोड्यांची. रेटोने दुपारी हेडीला बर्नहून गाडीने आणलं. "फक्त आठवडाभर, आत्या. बघायला." तिची भलीमोठी सुटकेस तीन जिने चढवताना त्याचा जीव मेटाकुटीला आला.

"आत्या, दगड भरलेस की काय?"

"सामान आहे, बाबा," हेडी काठी टेकत त्याच्यामागून येत म्हणाली. "सांभाळून. जिन्याला घासली तर खालचे लोक तक्रार करतील."

आल्या आल्या रेटोने घासूनपुसून ठेवलेला पिंजरा टेबलावर मांडला. दोन चाकं, दोन घरटी, दाण्याच्या दोन वाट्या. दोन्ही बायकांना त्याने समोर खुर्च्यांवर बसवलं.

"रेटो, राहू दे रे," लिझलोट म्हणाली. "जाळीपलीकडून दात विचकतो बाल्ट्स. मी रोज बघते."

"ती ओळख असते, आई."

लिझलोट उठली आणि स्वयंपाकघरातून पुडिंगचं काचेचं भांडं आणि भट्टीचा जाड हातमोजा घेऊन आली.

पहिली दहा मिनिटं फ्रिडोलिन एका कोपऱ्यात आणि बाल्ट्स दुसऱ्या कोपऱ्यात बसून होता. रेटो कुजबुजला, "पाहिलंत? शांत बसून एकमेकांना समजून घेतायत." हेडीने लिझलोटकडे पाहिलं. मग बाल्ट्स फ्रिडोलिनच्या घरट्याकडे निघाला आणि पुढचं कुणाला नीट दिसलंच नाही. भुसा उडाला, किंकाळी ऐकू आली. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघू शकतो हे लिझलोटला माहीत नव्हतं. दोघांचा मिळून एक गोळा झाला होता आणि तो गोळा पिंजराभर फिरत होता. "शांत! शांत!" असं म्हणत रेटोने उघडा हात मधे घातला आणि तोही किंचाळला. लिझलोटने हातमोजा चढवला, भांडं एकावर पालथं घातलं आणि दुसऱ्याला उचललं. तिच्या मुठीतला फ्रिडोलिन होता. त्याचा कान फाटला होता आणि तो थरथरत होता.

तिला भयंकर राग आला. रेटोचा आला, कागदाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. हे होणार हे तिला माहीत होतं, आणि तिने नुसतं भांडं तयार ठेवलं होतं.

रेटो बोटाला रुमाल गुंडाळून धावत तळघरात गेला. पाच मिनिटांत जुना छोटा पिंजरा घेऊन वर आला आणि त्याने बाल्ट्सला त्यात सोडलं. "झालं," तो धापा टाकत म्हणाला. "ज्याचं घर त्याला. काहींचा स्वभावच असतो एकट्याने राहायचा. जबरदस्ती करण्यात अर्थ नाही."

रेटोने वर पाहिलं. दोन्ही बायका त्याच्याकडे बघत होत्या.

"आणि हेडी?" लिझलोटने विचारलं. "तिच्यासाठी पिंजरा नाही का तळघरात?"

"आई, तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही माणसं आहात. तुम्ही जुळवून घेता."

"म्हणजे आम्ही चावत नाही," हेडी म्हणाली. "एवढाच ना फरक?"

"आत्या, तुमच्या भल्यासाठीच—"

"नको," लिझलोट म्हणाली.

शब्द अगदी साधा निघाला, खिडकीवर निघायचा तसा. पाकिटावर पत्ता अपुरा आहे, घेता येणार नाही. "हेडी इथे राहायला येणार नाही. मला नकोय, तिला नकोय. मी एकटी सुखात आहे रे, रेटो. चार वर्षं सांगतेय. तुला ऐकू का येत नाही?"

रेटोने शेवटचा आधार शोधला. "आणि एवढं सामान? आत्याने तर सगळं बांधून आणलंय!"

"ते होय," हेडी म्हणाली. "उघड की."

रेटोने सुटकेस आडवी करून चाप उघडले. वर त्याची घडीची पट्टी होती. तिच्याखाली बर्फावर घसरायचे बूट होते, चार जोड, त्याचे, बायकोचे, नोराचे आणि एक जुना, कुणाच्याच मापाचा नसलेला. तीन जिने त्याने ते स्वतःच्या खांद्यावरून आणले होते.

"माझ्या तळघरात जागा नाही रे बाबा," हेडी म्हणाली. "आणि स्वयंपाकघराला ओल नाही. माझं घर मी मेले की बघ."

रेटोचे कान लाल झाले. लहानपणी बिस्किटाच्या डब्यात हात सापडला की व्हायचे तसे. लिझलोटला त्याची दया आली, पण फार नाही. तिने सुटकेस मिटली, त्याच्या हातात दिली, दुसऱ्या हातात बाल्ट्सचा पिंजरा दिला आणि दार उघडलं.

"याला तू घेऊन जा. तुम्हाला सोबत होईल."

तो तीन जिने उतरत असताना सुटकेस प्रत्येक पायरीला आपटत होती, आणि खालचा माणूस दार उघडून तक्रार करत असल्याचं दोघींना वरपर्यंत ऐकू आलं. हेडीने घोंगडीची घडी काखेत मारली. साडेपाचच्या आगगाडीला लिझलोट तिला सोडायला स्टेशनवर गेली. फलाटावर दोघी एका बाकावर बसल्या, मधे घोंगडी ठेवून.

"मजा आली," हेडी म्हणाली. "पुन्हा भेटू या."

"पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात. त्याच्या आधी नको."

"आणि फोन?"

"करेन की वाटलं तर," हेडी म्हणाली आणि गाडीत चढली.

घरी येऊन लिझलोटने लाकडी जाळी घडी करून अंजिरामागे ढकलली, फ्रिडोलिनचा कान पाहिला, रक्त थांबलं होतं. फ्रिजवरचा कागद काढून तिने त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि फ्रिडोलिनच्या घरट्यापाशी टाकले. फ्रिडोलिन बाहेर आला, एकेक तुकडा गालात कोंबून आत घेऊन गेला आणि पाचही पायऱ्यांचं अंथरूण करून, त्या रात्री चाकाला न शिवता, त्यावर एकटाच झोपला.