चार कड्या

मालकांनी पिकअप रिव्हर्स घेत माझ्या शटरपर्यंत आणली, तेव्हा मी एका गेटाच्या बिजागरीला वेल्डिंगचा टाका मारत होतो. तोंडावरची काच वर करून पाहिलं, तर तेच. केस पांढरे झालेले, पोट होतं तेवढंच. मी काच पुन्हा खाली ओढली आणि हातातला टाका पुरा केला. उभा राहतोय तर राहू दे म्हटलं. मी अकरा वर्षं थांबलो होतो, त्यांना पाच मिनिटं थांबायला काय झालं?

"मिस्त्री, ओळख आहे ना?" ते म्हणाले.

न असायला काय झालं! एकोणीस वर्षं त्यांच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग केलं. माझ्या धाकट्या भावाला मीच तिथं कामाला लावलं. आणि त्याचा पाय गेला तो याच माणसाच्या पिकअपच्या हौद्यात गेला. ओळख कसली विसरतोय.

काम काय होतं ते त्यांनी सांगितलं. नव्या मोटारसायकली शोरूमपर्यंत पोचवण्याचं काम मिळालं होतं, एका खेपेला दोन गाड्या. गाडी उभी करून दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची, म्हणजे हौद्यात पट्टे अडकवायला भक्कम कड्या हव्यात. शोरूमवाल्यांची अट अशी की कड्या बसवल्यावर भार देऊन दाखवायचा आणि मिस्त्रीने तसं लिहून द्यायचं. गावात दोघांनी नाही म्हटलं होतं. छताला तुळई आणि तिला तीन टनाची चेनपुली असलेलं दुकान माझं एकट्याचं. अडला हरी, आणि पाय धरायला गाढव कोण, तर मी.

"जुनं ते गेलं, मिस्त्री," ते म्हणाले. "मनात ठेवू नका."

मी म्हटलं, ठेवत नाही. मनात नव्हतंच ते, रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथं माझ्या धाकट्याचं पंक्चरचं दुकान आहे. तो स्टुलावर बसून ट्यूब पाण्यात बुडवत होता, डाव्या पायाची लोखंडी पट्टी पुढं ताठ केलेली. त्याने पिकअप पाहिली, मालकांना पाहिलं, आणि पुन्हा पाण्यातले बुडबुडे बघायला लागला.

अकरा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. त्याने आधी दुकान टाकलं, मग मी मुद्दाम समोरचा गाळा घेतला. म्हटलं, रोज माझं काम बघेल, ग्राहक लांबून येताना बघेल, कधीतरी त्याचं त्यालाच कळेल की असल्या हाताचा टाका सुटत नाही. कसलं काय! सकाळी तो शटर उघडतो, मी शटर उघडतो. संध्याकाळी तो बंद करतो, मी बंद करतो. आमच्या बायका एकमेकींकडे जातात-येतात, डबे पोचवतात, पोरींचे कपडे इकडचे तिकडे होतात. जावा सख्ख्या बहिणींसारख्या आणि आम्ही दोघं भाऊ असे. माझी बायको आजही म्हणते, जाऊन माफी मागा. मी म्हणतो, माझी चूकच नाही तर माफी कसली मागू?

आणि चूक नव्हतीच. समजावून सांगतो, कारण हे कुणी समजून घेत नाही. हौद्याचा पत्रा असतो पातळ, दीड मिलिमीटर. त्याच्याखाली आडवी चॅनेलं असतात, जाड. कडी बसवायची ती चॅनेलवर. तिथला पत्रा कापायचा, चॅनेलला जाड पट्टी जोडायची आणि त्या पट्टीवर कडी. वेळ लागतो, पण मग गाडी उलटली तरी कडी हलत नाही. नुसत्या पत्र्यावर टाका मारला तर दिसायला तेच दिसतं. दोनशे किलोची मोटारसायकल पट्ट्याने बांधली, रस्त्यात एक खड्डा आला, की कडी पत्र्याचा तुकडा घेऊनच वर येते. टाका तसाच शाबूत असतो. फाटतो तो पत्रा.

मालकांच्या जुन्या पिकअपला मी कड्या चॅनेलवर बसवल्या होत्या. पुढं त्यांनी एक लांबलचक मोटारसायकल विकत घेतली, तिला कडी जरा मागं पडायला लागली. मला विचारायचं ना! पण वेल्डिंग मशीन घरचंच, आणि आपल्यालाही येतं ही खुमखुमी. सुट्टीच्या दिवशी स्वतः कडी कापली आणि वीतभर पुढं पत्र्यावर चिकटवली. मंगळवारी गाडी निघाली. मोटारसायकल डगमगू नये म्हणून धाकट्याला मागं हौद्यात बसवलं. पट्टे वाचवायला माणूस! वळणावर कडी सुटली आणि सगळी मोटारसायकल त्याच्या गुडघ्यावर आली.

दवाखान्याच्या आवारात ती पिकअप उभी होती. वर जायच्या आधी मी हौद्यात डोकावलो. माझी पट्टी चॅनेलवर जशीच्या तशी, कडी ग्राइंडरने कापलेली. तिच्यापुढं पत्र्याला बशीएवढं भोक. बघताक्षणी कळलं. वर गेलो तर वॉर्डच्या दाराशी मालक चौकशीला आलेल्या माणसाला सांगत होते, "आमच्या मिस्त्रीचा टाका सुटला. वय झालं त्याचं, नजर गेली."

मी तिथंच होतो. बोललो नाही. दोन पोरी शाळेत होत्या, नोकरी एकच होती, आणि ती तोंड उघडायची वेळ नव्हती. शांतपणे नंतर बोलू असं ठरवलं. नंतर बघतो तर हौद्याचा सगळा पत्रा भंगारात गेलेला. आठ महिन्यांनी मी नोकरी सोडली, पण तोवर गावभर झालं होतं की याच्याच टाक्याने याच्या भावाला लंगडं केलं.

तर अशा माणसाची पिकअप आता माझ्या दारात होती.

पहिला विचार काय आला, ते सांगायला लाजत नाही. कच्चा टाका मारावा. वरून नागमोडी, सुंदर, आत काही नाही. रंग दिला की कुणाच्या बापाला कळणार नाही. एक दिवस घाटात कडी सुटेल, नवी कोरी मोटारसायकल रस्त्यावर आणि मालकांचं कंत्राट तिच्यामागं. त्या विचाराने दिवसभर मला भूक लागली नाही, इतका तो गोड होता. पण संध्याकाळी हात धुताना लक्षात आलं की मग अकरा वर्षांपूर्वीचं त्यांचं खोटं मी स्वतःच खरं करून देईन. म्हातारा म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो? तेव्हा तो बेत सोडला. चांगुलपणाने नाही सोडला. दुसरा त्याहून बरा सुचला म्हणून सोडला.

दोन दिवस मी त्या चार कड्यांवर असं काम केलं की तसं पोरीच्या लग्नातही केलं नसेल. पत्रा कापला, चॅनेल घासून पांढरं केलं, पट्ट्या बोटभर जाडीच्या घेतल्या. नटबोल्टवाली बाई शेजारून बघत म्हणाली, "एवढं कुणासाठी राबताय? याच्यासाठी?" मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी अकराला दुकानासमोर या, गंमत आहे. लेथवाल्याला सांगितलं, रंगवाल्याला सांगितलं. पलीकडे सांगायची सोय नव्हती, पण पलीकडून सगळं दिसतं.

तिसऱ्या दिवशी मालक आले. पिकअप तुळईखाली घेतली, तोंड आत आणि हौदा रस्त्याकडे. पुढच्या चाकांना ठोकळे लावले. चारही कड्यांना साखळ्या अडकवून चेनपुलीच्या आकड्यात घेतल्या आणि मालकांना म्हटलं, भार आला की पत्रा कुठं वाकतोय का ते तुम्ही स्वतः वर चढून बघा, नंतर तक्रार नको. त्यांना ते पटलं. धापा टाकत चढले, वाकून एकेका कडीवर बोट फिरवायला लागले. मी साखळी ओढायला घेतली.

मागची चाकं जमिनीवरून सुटली. वीतभर, हातभर, मग माझ्या कमरेइतकी. हौदा माझ्या डोक्याच्या बरोबरीला आला, मालक आत फळीला धरून बसलेले. चारही कड्या ठणठणीत. एक कुरकुर नाही. लेथवाल्याने शिट्टी मारली.

"बास, मिस्त्री, झालं. उतरवा," मालक म्हणाले.

मी साखळी खिळ्याला गुंडाळली आणि स्टूल ओढून बसलो. टपरीवरून चहा मागवला. चहा प्यालो, सावकाश. त्यांनी उतरवायला सांगितलं, मग दरडावलं, मग पोलिसांचं नाव काढलं. मी म्हटलं, जरूर बोलवा, शोरूमवाल्यांनाही बोलवा, भार घेणं चालू आहे. उडी मारायला त्यांच्याकडे गुडघे नव्हते. तेव्हा मला त्यांच्या गुडघ्यांचा फार आनंद झाला.

लोक जमले. मालकांच्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता.

"मालक, टाका कुणाचा आहे?" मी विचारलं.

"तुमचा."

"नजर गेलेल्या मिस्त्रीचा ना? त्याच्यावरच लटकलाय तुम्ही. आता जुन्या गाडीचं सांगा. कडी कुणी हलवली होती?"

मी साखळी खिळ्यावरून सोडली आणि आणखी वीतभर ओढली. हौदा किंचित झुलला. चेनपुलीला दात्यात अडकणारं कुत्रं असतं, ती आपोआप खाली येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

"मी हलवली होती," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. पलीकडे ऐकू जायला हवं."

"मीच हलवली होती! पत्र्यावर चिकटवली होती. मिस्त्रीचा टाका नव्हता तो. झालं समाधान?"

झालं. काय सांगू, इतकं झालं की स्टुलावरून उठवेना. नटबोल्टवाली बाई तोंडावर हात ठेवून उभी होती. लेथवाला मालकांकडे बघून थुंकला. मी गर्दीतून पलीकडे पाहिलं.

धाकटा उठला होता. हात पुसले, फडकं खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडायला लागला. पायाची पट्टी प्रत्येक पावलाला खट्ट वाजत होती. लोक बाजूला झाले. अकरा वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या दुकानाच्या पायरीशी आला होता. वाटलं, आता दादा म्हणेल.

त्याने मालकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खाली घे त्यांना," तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे."

"ऐकलंस ना?" मी म्हटलं. "टाका माझा नव्हता."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. कडी माझ्या मांडीवरच पडली होती. पत्र्याचा तुकडा चिकटलेला होता तिला. तुझ्या हाताखाली शिकलोय, एवढं कळत नाही का मला?"

मग इतकी वर्षं का बोलला नाहीस, असं काहीतरी मी विचारलं.

"वॉर्डचं दार उघडं होतं," तो म्हणाला. "ते बोलले ते ऐकलं. मग तू काय बोलतोस याची वाट बघत होतो. बराच वेळ बघितली. वर्षभर तरी बघितली असेल."

माझी मान खाली गेली, आणि तेव्हा त्याच्या पायाची पट्टी मला इतक्या जवळून पहिल्यांदा दिसली. गुडघ्याच्या खाली ती कधीतरी मोडली होती आणि कुणीतरी जोडली होती. तीन टाके, फोडासारखे, घासलेलेही नाहीत. चालताना पँटचं कापड तिथंच फाटत असणार. त्याच्या बायकोने आतून ठिगळ लावलेलं होतं.

"कुणी केलं हे?" मी म्हटलं. "काढ, आत्ता नीट करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"दोन वर्षांपूर्वी मोडली होती," तो म्हणाला. "तुझ्याच दारावरून घेऊन गेलो. चाललंय माझं."

तो वळला आणि रस्ता ओलांडून गेला. खट्ट, खट्ट. स्टुलावर बसला, पाय पुढं ताठ केला आणि ट्यूब पाण्यात बुडवली.

मी साखळी उलटी ओढून पिकअप खाली घेतली. मालक उतरले, फळीला धरून थोडा वेळ उभे राहिले. मी त्यांना शोरूमचं लिहून दिलं, चारही कड्या भार घेतात, खाली सही. ते कागद खिशात घालून गेले. हळूहळू सगळेच गेले. लेथवाला जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, जिरवली बरं का म्हाताऱ्याची.

बिजागरीचं गेट अजून भिंतीला टेकलेलं होतं. मी त्याच्यापुढं जाऊन बसलो आणि तोंडावरची काच खाली ओढली. मशीनचं बटण बंद होतं. समोर पंक्चरचं दुकान होतं, तिथून सगळं दिसतं, म्हणून मी ती काच बराच वेळ वर केली नाही.