पूर्ण नाव

झुंबर एकदाच केमो घ्याले तयार झाली होती, तेही आमचा गोकुळ तिच्यापुढं ढसाढसा रडला म्हणून. "पोराचं मन राखते, पण पुढच्या बारीले मले कोणी नेऊ नका," असं तिनं बजावलं होतं. डॉक्टर म्हणे, सगळे डोस घेतले तर बाई बरी होते. आता हे माह्या बायकोले कोण पटवणार? उभ्या जन्मात मले तिले काही पटवता आलं नाही.

सकाळीच जळगाव जामोदहून बुलढाण्याले पोचलो. दवाखान्यात तिले खुर्चीवर रेलून बसवलं, हाताले सुई लावली. मयुरी नावाची नर्स औषधाची बाटली घेऊन आली अन् म्हणे, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"झुंबर."

"पूर्ण. नवऱ्याच्या नावासकट."

झाली ना पंचाईत. बाई खिडकीकडं पाहाले लागली. मी म्हणलं, "मी सांगतो ना, निवृत्ती नाव हाये माह्यं." तर मयुरी म्हणे, पेशंटनंच सांगा लागते, हातावरच्या पट्टीशी जुळल्याबिगर औषध सुरू करत नाही.

माह्यं डोक्सं सणकलं. "अवं बोल ना. काऊन तोंड शिवून बसली?"

"नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते," ती हळूच म्हणे. "माह्या मायनं सांगतलं हाये."

घ्या! एवढं मोठं दुखणं हिच्या अंगात, अन् हिले घोर माह्या आयुष्याचा. मले रागही आला अन् मायाही.

शेजारच्या खुर्चीत दुसरबीडची कौशल्याबाई होती, डोक्याले रुमाल बांधलेली. तिच्या बऱ्याच केमो झालेल्या. ती म्हणे, "उखाण्यात घ्या की बाई. उखाण्यात चालतंय."

झुंबरनं पदर सारखा केला.

"बाटलीतून औषध पडे थेंब थेंब,
निवृत्तीरावांच्या वावरात मुगाले फुटले कोंब."

सगळा हॉल हसला. मयुरीनं पट्टी पाहून औषध सुरू केलं. मधात झुंबरले मळमळलं, तोंड कडू झालं, जराशी डुलकीही लागली. दुसरी बाटली आली तर पुन्हा तोच सवाल, नियमच तसा. आता तर लोकं कान टवकारूनच बसले होते, अन् कौशल्याबाई म्हणे, "मघाचाच चालायचा नाही."

"खिडकीतून येते गार गार वारा,
निवृत्तीरावांचा चढते घडीघडी पारा."

चारचौघांत इज्जत काढली माही. पण सगळ्यांत जास्त मीच हसलो.

संध्याकाळी बस स्टँडवर ती माह्या दंडाले धरून चालत होती, पाय ओढत. मले वाटलं, झालं, आता म्हणते का पुरे.

"आयकता का," ती म्हणे, "दोन्ही उखाणे तर आजच सरले. पुढच्या बारीले काय घेऊ?"

मले तिथंच रडू फुटलं. लोकं पाहून राह्यले होते, पाहू द्या.

"काऊन रडता? जुळवा की एखादा," ती म्हणे.

मग एसटीत नांदुऱ्यापर्यंत आम्ही दोघं तेच करत बसलो.