मालनची कावीळ उतरली

खर्ड्याच्या कारभारींचा थोरला मुलगा राधाकृष्ण एम.एस्सी. होऊन मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागला, तेव्हा पीएच.डी. म्हणजे काय हे गावाला सांगता सांगता कारभारींच्या नाकी नऊ आले. "डाक्टरच हुनार, पन सुई टोचनारा न्हाई," एवढं सांगून ते मोकळे व्हायचे.

जागा तशी कच्चीच होती. वर्षभरात विषय ठरवून काहीतरी करून दाखवलं तर पक्की, नाहीतर दुसरा मुलगा तयारच. राधाकृष्णाचे गुरू नृसिंह कीर्तने तांबड्या रक्तपेशींच्या पापुद्र्यावर काम करत. पेशी फोडायची, आतला सगळा लाल रंग धुऊन टाकायचा. मग उरतो नुसता पांढरा, रिकामा पापुद्रा. त्या पापुद्र्यात कुठली प्रथिनं बसलेली आहेत, ती एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, ते शोधायचं. "आत्ता या विषयात शिरलास तर जन्मभर पुरेल," कीर्तने सर म्हणत.

एकदा तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. राधाकृष्णाने बाही वर केली आणि आपलंच दिलं. मिठाचं पाणी थोडंथोडं पातळ करत नेलं की कधीतरी पेशी फुगून फुटतात. त्याच्या पेशी इतरांच्या कितीतरी आधी फुटल्या. पाणी चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग सरांनी स्वतः करून पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच विचारलं, "घरात कोणाला कावीळ आहे का रे?"

"वडिलांचे डोळे पिवळसर असतात, पहिल्यापासून. धाकट्या बहिणीचेही. आत्या होती, ती लहान वयातच गेली."

"तुझ्या पेशी बशीसारख्या नाहीत, गोळ्यांसारख्या गोल आहेत. पापुद्राच कच्चा आहे. अशा पेशी पानथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकून मोडतात, म्हणून कावीळ. हे आईकडून किंवा वडिलांकडून मुलांत उतरतं." सर खुर्चीतून उठलेच. "पण पापुद्र्यातलं नेमकं कुठलं प्रथिन बिघडलेलं असतं, ते अजून कोणालाच माहीत नाही. अरे, तुझा प्रबंध तुझ्या घरात बसलाय! सगळ्यांचं रक्त घेऊन ये. तुझी जागा पक्की झाली म्हणून समज."

आपल्याला आजार आहे हे कळून राधाकृष्ण घाबरला, पण त्याहूनही जास्त घाबरला तो सरांचा चेहरा पाहून. इतकं आनंदलेलं त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच आनंदाची एक उकळी आपल्याही छातीत फुटलीय, हे त्याला कळलं होतं.

धाकट्या बहिणीचं, मालनचं, लग्न तोंडावर आलं होतं, त्यामुळे रजा मिळायला अडचण आली नाही. अभ्यासासाठी सगळ्यांचं रक्त न्यायचंय, असं त्याने घरी पत्राने कळवलं. ग्रंथालयात बसून त्याने या रोगावर मिळेल ते वाचून काढलं. सुया, नळ्या, रक्त गोठू नये म्हणून औषध असं सामान बांधलं, नगरला एसटी बदलताना मोठ्या थर्मासात बर्फ भरून घेतला, आणि उन्हं कलायला लागली तेव्हा तो घरी पोचला.

अंगणात मांडवाचे खांब रोवले होते. दुष्काळामुळे गेल्या साली राहिलेलं हे लग्न, त्यामुळे घरात आनंद मावत नव्हता. आई, छबूबाई, दारातच म्हणाली, "आलास? आरं, आपल्या मालनची कावीळ उतरली! डोळं कसं पांढरंशिप्पट झाल्यात बघ. हळदीच्या टायमालाच देवानं ऐकलं."

खांद्यावरची पिशवी न उतरवताच राधाकृष्ण आत धावला.

मालन आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. नवी साडी नेसून बघता बघता दमली म्हणाली. चेहरा गोरा दिसत होता, पण तो गोरेपणा नव्हता. ओठ आणि कातडी एकाच रंगाची झाली होती. गळ्यापाशी शीर थडथड उडत होती.

"कवापासनं दम लागतोय?"

"आठवडा झाला आसंल. मधी ताप आल्ता. आता न्हाई." ती हसली. "तू का असा बघायलास, दादा?"

त्याने वाचलेलं एक पान आता त्याच्यापुढे बसलं होतं. अशा माणसांचं रक्त रोज मोडतं आणि हाडांतला मगज रोज नवं करतो. म्हणून ती पिवळी असतात, पण जगतात. कधीतरी एखाद्या तापानंतर मगज नवं रक्त करायचंच थांबवतो. जुनं मोडत राहतं, नवं येत नाही. मग मोडायलाही फारसं उरत नाही, आणि पिवळेपणा उतरतो.

तो बाहेर आला. "तात्या, मालनला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायला पाहिजे."

कारभारी खांबाला सुंभ आवळत होते. "का? काय झालंय तिला?"

"तिच्या अंगातलं रक्त संपत आलंय."

"कुटं लागलंय का तिला? यक थेंब तरी सांडलाय का?" कारभारी चिडले. "चांगली झालेली पोर, हळद लागायला आली, आन तू तिला दवाखान्यात घालतोस? सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर? मला जल्मभर पिवळं हाय. मी मेलो का?"

"तुमी पिवळे हायसा म्हनूनच मेला न्हाई, तात्या!" राधाकृष्ण ओरडला. गावी आल्यावर ओरडायला लागलं की त्याची भाषाही गावाकडे वळायची.

बापाला हे समजणार नाही, हे त्याला दिसलं. त्याने आईचा हात धरून तिला आत नेलं. स्वतःची खालची पापणी ओढून दाखवली. "बघ, आतून लाल हाय ना?" मग मालनची ओढली. आतून ती कागदासारखी पांढरी होती.

छबूबाई वाकून बघतच राहिली. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. बाहेर येऊन ती नवऱ्याला हलकेच म्हणाली, "आवं, आक्काबाई... जायच्या आदी आक्काबाई बी अशीच गोरी झाली हुती. सासूबाई म्हनायच्या, पोरीला काय रूप आलंय."

कारभारींच्या हातातला सुंभ खाली पडला. बहीण गेली तेव्हा ते घरातच होते. ते गावातल्या आबासाहेबांची जीप मागायला पळत सुटले.

नगरपर्यंतचा रस्ता राधाकृष्णाने मालनचं मनगट धरून काढला. नाडी इतकी जोरात धावत होती की मोजायची त्याला भीती वाटत होती. मालनचं डोकं आईच्या मांडीवर होतं. खड्डा आला की ती डोळे उघडायची. एकदा जीप जोरात आदळली आणि तिने उघडले नाहीत. राधाकृष्णाने हाक मारली, मग जवळजवळ किंचाळलाच, तेव्हा ती पुटपुटली, "जागी हाय की."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "ताबडतोब रक्त चढवायला हवं. घरचं कोण देतंय? तू भाऊ ना? ये."

राधाकृष्ण पुढे झाला, बाही वर केली आणि थबकला. "माझं नको. माझंही असंच आहे. तिच्या अंगात जाऊन मोडेल. वडिलांचंही नको." आपल्याला जे सांगायचं होतं ते सांगून झाल्यावर त्याला स्वतःच्या उघड्या हाताकडे बघवेना.

"मग?"

"माजं घ्या," छबूबाई म्हणाली. तिने पदर सावरत दंड पुढे केला. सुईचं नाव काढलं तरी पळणारी बाई. तिचा गट जुळला.

आईचं रक्त बाटलीत उतरेपर्यंत भाऊ-बहीण दोघंच पडद्याआड होते. राधाकृष्णाची पिशवी कॉटखाली होती. थर्मास, नळ्या, सुया सगळं तिच्यात. आता काही वेळाने दुसऱ्या माणसाचं रक्त मालनच्या रक्तात मिसळणार होतं. मग तिच्या पापुद्र्यांचं काहीच कळणार नव्हतं, कित्येक महिने. शुद्ध तिचं असं जे होतं ते आत्ताच होतं, आणि अशा अवस्थेतलं पुन्हा कधी मिळणार? थोडंसंच लागणार होतं. त्याने खाली पाहिलं. त्याचा हात पिशवीच्या चेनवर होता. तो तिथे कधी गेला हे त्याला आठवेना.

मालन बघत होती. "आई म्हनली, तुला समद्यांचं रगत न्यायचंय. तुज्या परीक्षेला." तिने दंड पुढे केला. दोन बोटांनी धरावा एवढाच राहिला होता तो. "घे की. आता न्हाईतरी काय करनार हाय मी त्याचं?"

राधाकृष्णाने हात चटका बसल्यासारखा मागे ओढला. "न्हाई. तुला लागतंय ते." त्याने पायाने पिशवी कॉटखाली लांब ढकलली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून बसला. त्याला रडू कोसळलं. बहिणीच्या भीतीने की आपल्याच, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी मालनच्या ओठांना किंचित रंग आला. आठवड्याने तिच्या हाडांनी पुन्हा काम सुरू केलं आणि डोळे परत पिवळे व्हायला लागले. ते पाहून डॉक्टरीणबाई आणि राधाकृष्ण दोघंही हसले. छबूबाईला काही ते हसणं समजलं नाही.

सोयऱ्यांना कळायचं ते कळलंच. मुलाच्या बापाने गोड बोलून लग्न पुढे ढकललं, आणि मग पुढचं बोलणंच काढलं नाही. कारभारींनी मांडवाचे खांब स्वतः उपटले. राधाकृष्णाला ते एका शब्दानेही बोलले नाहीत, पण त्याच्याकडे बघतही नव्हते. मुंबईला निघताना मात्र ते आपणहून समोर येऊन बसले आणि दंड उघडा केला. "माजं घिऊन जा. बहिनीच्या टायमाला कुनाला ठावं न्हवतं."

मालनचं रक्त का आणलं नाही, हे राधाकृष्णाने कीर्तने सरांना जसंच्या तसं सांगितलं. हात पिशवीकडे गेला होता, तेही. सरांनी वहीचं कोरं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "वडिलांच्या रक्तावर सुरुवात कर." वर्षअखेर जागा पक्की झाली.

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला. दिवाळीनंतर पुण्याला मालनची पानथरी काढायचं ठरलं होतं, म्हणजे रक्त एवढं मोडणार नव्हतं. त्याआधी एका सकाळी ती स्वतःच ओट्यावर येऊन बसली. राधाकृष्णाने सुई टोचली. कोपर त्याने गुडघ्यावर टेकवलं होतं. नळीत रक्त चढताना ती टक लावून पाहत होती.

"दादा, तुज्या बी अंगात ह्येच हाय ना?"

"व्हय."

"मग तुला बी हुईल तसं? माज्यासारखं?"

तिला धीर द्यावा म्हणून त्याने तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना.

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला. मालन कापूस दाबून धरत जवळ सरकली, आणि त्याच्या खालच्या पापणीला हात घालून आतला रंग बघायला लागली.