टॉर्च धरणारा

हणमंतरावांनी साखळी ओढली. इंजिन बोटभर खाली आलं आणि झुलू लागलं. ते लगबगीने गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, पाण्याच्या पिंपाशेजारी टाकलेल्या पाटावर उभे राहिले आणि टॉर्च लावून आत वाकले. गिअरबॉक्समधून पुढे आलेला दातेरी दांडा इंजिनाच्या पाठीतल्या क्लचच्या चकतीत शिरायला हवा होता. तो कडेलाच अडून राहिला होता. म्हणजे इंजिन जास्त खाली आलं होतं, किंवा कमी. खात्री देता येईना. ते वळसा घालून पुन्हा साखळीपाशी आले.

सकाळपासून हेच चाललं होतं. चामराजपेटेतल्या त्या घरामागची पत्र्याची शेड, तिच्यात बॉनेट काढून ठेवलेली फियाट, आणि वर आडव्या टाकलेल्या रेल्वेच्या रुळाला लटकलेलं इंजिन. शेजारी अपार्टमेंट उभं राहिल्यापासून शेडमध्ये भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटे. गाडी थोरल्या भावाची, रघुजींची, म्हणजे अण्णांची. चिकपेटेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. उगादीच्या पाडव्याआधी त्यांनी क्लच बदलायला म्हणून इंजिन बाहेर काढलं, नवा क्लच बसवला, आणि इंजिन आत जायच्या आधी स्वतःच गेले. तेव्हापासून इंजिन कोपऱ्यात जुन्या टायरवर पोत्याखाली पडून होतं.

"भाऊजी, पुरे करा आता," स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंद्राबाई म्हणाल्या. "सत्तरी उलटली तुमची. पायावर पडलं म्हणजे?"

"नाही पडत, वहिनी. साखळीत आहे ते."

"ते साखळीत आहे, तुम्ही कशात आहात ते बघा. सुनीलच्या सत्यनारायणाचा शर्ट ना तो?"

हणमंतरावांनी खाली पाहिलं. तोच होता.

"मी धुवेन."

"धुऊन जातंय होय ते ग्रीस! नागराजला हाक मारू का? स्वल्प हात लावायला तरी."

"नको. रविवार आहे. त्याला कशाला त्रास."

नागराजचं गॅरेज कोपऱ्यावरच होतं. परवा हणमंतराव तिथपर्यंत गेलेही होते. काय बोलायचं ते वाक्य वाटेत कन्नडमध्ये दोनदा घोळून ठेवलं होतं. पण तिथे तीन माणसं एका स्कूटरभोवती मोठ्याने हसत उभी होती. हणमंतराव थोडा वेळ रेंगाळले आणि समोरच्या हातगाडीवरून केळी घेऊन परत आले.

खिडकीच्या कठड्यावरचा मोबाईल वाजला. चंद्राबाईंनी तो कानाला न लावता जाळीपाशी धरला. इलेक्ट्रॉनिक सिटीतून त्यांचा मुलगा सुनीलकुमार बोलत होता.

"काका, कुठवर आलं?"

"आलंय. म्हणजे, तसं जवळ आहे."

"सकाळीही जवळच होतं. काका, पुस्तक वाचून इंजिन बसत असतं तर गॅरेजवाल्यांनी काय करायचं? संध्याकाळपर्यंत आत गेलं तर गाडी ठेवू, मी शब्द दिलाय. नाहीतर उद्या सकाळी तो भंगारवाला येतोय. आईला ती शेड अशी बघवत नाही हो."

"मी कुठे म्हटलं बघवत नाही म्हणून?" चंद्राबाई म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता. त्या खिडकीजवळून आत गेल्या.

हणमंतरावांनी बादलीत हात बुडवून साबण लावला, पंच्याला पुसले आणि पुस्तक उघडलं. गाडीबरोबर आलेलं जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनीच त्याला खाकी कव्हर घातलं होतं. आयुष्य कॉलेजच्या लायब्ररीत गेलेलं, काळ्या बोटांनी पान उलटणं त्यांच्याच्याने होत नसे. या कामाला दोन माणसं लागतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. छापलेल्या गोष्टीशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती.

दोन माणसं असतच की. निवृत्त होऊन धारवाडहून ते इथे आले, लग्न केलेलं नव्हतं, वरची खोली मिळाली. महिनाभर ते त्या खोलीत वाचत बसून होते. जेवायला खाली यायचं, पुन्हा वर जायचं. एका रविवारी अण्णांनी जिन्याखालून हाक मारली होती.

"हणम्या, खाली ये रे. एकट्यानं होत नाही हे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कशाला हवं? टॉर्च धरायचा नुसता."

तेव्हापासून रविवार म्हणजे टॉर्च. अण्णा अलीकडे, ते पलीकडे. पिंप झिरपायचं, म्हणून पाय ओले होऊ नयेत यासाठी अण्णांनी तिथे पाट टाकला होता. "स्वल्प वर," अण्णा म्हणायचे. मग, टॉर्च जरा वर गेला की, "सरी", म्हणजे ठीक. याच्या पलीकडे फारसं बोलणं नसे. हणमंतरावांचा हात दुखून यायचा, प्रकाश थरथरायचा, आणि आपल्यापेक्षा एखादा धड माणूस असता तर अण्णांचं काम लवकर आटोपलं असतं, असं त्यांना दर रविवारी वाटायचं.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि साखळी ओढली. मग वळसा. पाट. टॉर्च. दांडा आता चकतीच्या दुसऱ्या कडेला अडला होता. पुन्हा वळसा. या वेळी साखळीपाशी पोचताच गुडघ्यात कळ आली. ते तसेच उलट्या घातलेल्या खोक्यावर बसले. परत पलीकडे जायचं त्राण उरलं नव्हतं. टॉर्च मांडीवर जळत राहिला.

तिथून शेड निराळीच दिसत होती. हात लांब केला की साखळी. दुसरा हात लांब केला की इंजिनाच्या पुढच्या पुलीचा मोठा नट. हे सगळं अण्णांच्या बाजूला होतं आणि आपण मात्र दिवसभर ओढायला इकडे आणि बघायला तिकडे धावत होतो. आपली जागा तिकडे, म्हणून. हणमंतराव स्वतःशीच ओशाळले.

मान मागे टेकली तेव्हा रुळाला बांधलेला तारेचा आकडा दिसला. तो त्यांनी अनेकदा पाहिला होता. पिशवी अडकवायचा असेल असं वाटायचं. टॉर्चच्या मागे एक कडी होती. ते उठले आणि ती कडी आकड्यात अडकवून पाहिली. टॉर्च एक गिरकी घेऊन थांबला. प्रकाश सरळ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत पडला, नेमका, जराही न थरथरता.

त्याच उजेडात खोक्याशेजारची वाटी चमकली. सकाळी इंजिनाच्या पाठीत त्यांना बिनडोक्याचे दोन लांब बोल्ट घातलेले दिसले होते. पुस्तकातल्या चित्रात ते नव्हते. चित्रात नाहीत म्हणजे चुकून राहिले असणार, म्हणून त्यांनी ते काढून वाटीत ठेवले होते. आता त्यांनी एक उचलून पाहिला. टोकाला स्क्रू ड्रायव्हरसाठी करवतीने पाडलेली खाच. मधला भाग आरशासारखा गुळगुळीत. पुन्हा पुन्हा कशावरून तरी सरकून झिजलेला.

ते बराच वेळ तो बोल्ट हातात फिरवत राहिले. मग इंजिन थोडं वर घेतलं आणि दोन्ही बोल्ट जिथले तिथे घातले.

या वेळी इंजिन झुललं नाही. बोल्टांची टोकं गिअरबॉक्सच्या भोकांत शिरली आणि त्यांनी ते वजन मुकाट धरून ठेवलं. हणमंतरावांनी पोटाने इंजिन मागे रेटलं, एका हाताने साखळी सांभाळली, दुसऱ्या हाताने पुलीच्या नटाला पान्हा लावून जरासा फिरवला. काही नाही. आणखी जरासा. आत कुठेतरी दातात दात बसला, आणि इंजिन स्वतःला आठवल्यासारखं मागे सरकून टेकलं.

ते तसेच पोट लावून उभे राहिले. नंतर त्यांनी वर हात करून आकड्याची तार अंगठ्याने घासली. गंजाखाली हिरवा रंग निघाला. रुळालाही तोच हिरवा होता. सुनीलच्या मुंजीला शेड रंगवली होती, तेव्हाचा. मुंजीला ते दोन दिवसांच्या रजेवर आले होते. त्यांच्या पहिल्या रविवाराच्या कितीतरी आधीची गोष्ट, टॉर्च धरायला कुणी नसतानाची.

त्यांनी पलीकडे पाहिलं. पिंपाखाली पाणी साठलं होतं. पाट कोरडा होता.

चंद्राबाई कॉफीचा लोटा घेऊन दारात आल्या. उघड्या गाडीकडे पाहून थांबल्या.

"बसलं?"

"बसलं."

"एकट्याने?"

हणमंतरावांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. काचा आणखी काळ्या झाल्या.

"हे सारखं म्हणायचे," चंद्राबाई म्हणाल्या, "हणम्या नसला तर माझं काम अडतं. जेवताना देखील तेच."

हणमंतरावांनी चष्मा लावला. मग म्हणाले, "सुनीलला फोन करा. उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणावं."

"म्हणजे गाडी चालू होईल?"

"आज नाही. अजून रेडिएटर आहे, नळ्या आहेत, वायरी आहेत. बरेच रविवार जातील."

चंद्राबाईंनी मान हलवली. लोटा खोक्यावर ठेवला आणि जायला वळल्या. घरात आत दिवा लावलेला नव्हता. टीव्हीचाही आवाज नव्हता.

हणमंतरावांनी हात वर केला, आकड्यातून टॉर्च काढला.

"वहिनी, जरा हा धरता?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कशाला हवं," ते म्हणाले. "एकट्यानं होत नाही हे."

चंद्राबाईंनी पदराला हात पुसले आणि टॉर्च घेतला. उगाच उलटसुलट करून पाहिला.

"कुठे उभी राहू?"

"पलीकडे. त्या पाटावर राहा, पिंप झिरपतं."

त्या वळसा घालून गेल्या. प्रकाश आधी भिंतीवर पडला, मग हणमंतरावांच्या तोंडावर, मग थरथरत त्यांच्या हातांवर आला.

"स्वल्प वर," हणमंतराव म्हणाले. "सरी."