एकच खरी प्रत

आमच्या ह्यांनी मिक्सर घ्यायचं काढलं, तेव्हा दुकानदारानं शेवटी हात जोडले. "साहेब, तुम्ही समोरच्या दुकानात जा, हवं तर मी सोडायला येतो." चार वस्तू शेजारीशेजारी मांडल्याशिवाय हा माणूस साधी सुरीसुद्धा घेत नाही. कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य होते, सगळा जन्म मोजमापात गेला. तिथे ते शोभत होतं. घरात माझ्या डोक्याला ताप.

मग घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. जीव वाचेल, आवाज जाईल. तेव्हा दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक मार्ग काढून दिला. ऑपरेशनआधी भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. जखम भरली की त्यांवरून कॉम्प्युटर ह्यांचाच आवाज बनवणार. हे टाइप करतील आणि कॉम्प्युटर ह्यांच्या आवाजात बोलेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं.

रोज दुपारी हे कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून बसायचे. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याला वेड लागलं. सुरुवातीची वाक्यं बाईंनी दिलेली होती, अगदी रुक्ष. "कृपया खिडकी बंद करा." "मला पाणी हवं आहे." ती संपल्यावर ह्यांनी मनची घातली. लेकीला चिडवणं, माझ्यावर डाफरणं, "अगं ए तोफखाना, माझा चष्मा कुठे टाकलास?" आणि मग स्वतःच खो खो हसणं. दोन-तीन सणसणीत शिव्याही घातल्या. "लागतात वेळेला," म्हणाले. मी दाराबाहेर उभी राहून पदर तोंडात कोंबून रडले.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन हे घरी आले. लिहायचं, पुसायचं. त्यातच जुना लॅपटॉप कुरकुरायला लागला. लेक फोनवरून ओरडली, "आई, बाबांना सांग, आधी कशावर तरी कॉपी करा!" ह्यांनी हार्ड डिस्क आणली, घरचे फोटो, रेकॉर्डिंग, सगळं तिच्यावर घेतलं आणि लॅपटॉप पुसून एक्स्चेंजमध्ये देऊन नवा आणला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण छे! चार दिवसांत पाटी माझ्यापुढे आली : "ह्या डिस्कची चकती आत फिरते. पडली की संपली."

झालं. जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा सुरू. ती हार्ड डिस्क, एक एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, आणि एक नखाएवढी पेन ड्राइव्ह. आम्ही ओट्यावर उभ्यानं जेवायला लागलो. हे पाटीवर मला शिकवायचे. हार्ड डिस्क स्वस्त, पण नाजूक. एसएसडी चपळ, पडली तरी मरत नाही, पण वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवली तर विसरू शकते. आणि ही पेन ड्राइव्ह, खिशात मावते, किंमत निम्मी आणि जागा बघ, दोन टीबी! लेकीच्या बाळाला पहिल्यांदा हातात घेतल्यासारखी ती धरली होती त्यांनी.

"अहो, मग ठेवा ना तिन्हींवर," मी म्हटलं. "तीन ठिकाणी ठेवलं तर कुणाचं काय जातंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चोरी करायला सांगतेय. पाटीवर लिहिलं : "दोन प्रती म्हणजे एक चुकीची."

हा त्यांच्या ऑफिसचा धर्म. नवीन ड्रॉइंग निघालं की जुनं त्याच क्षणी फाडायचं. कुणाच्या खणात जुनी प्रत राहिली तर कामगार त्यावरून माल कापतो आणि सगळं भंगारात जातं. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्या प्रती शोधशोधून फाडल्या. तेच घरी केलं. परीक्षा खऱ्या मालावरच व्हायला हवी, म्हणून फोटो आणि रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नेलं, फायलींचा आकडा जुळवला आणि हार्ड डिस्क साफ पुसून घेतली. मग एसएसडीवरून पेन ड्राइव्हवर. फायलींची नावं जुळली, आकार जुळला. एसएसडी पुसली. पेन ड्राइव्ह पास!

एकही फाईल त्यांनी वाजवून बघितली नाही. का, ते मला ठाऊक आहे. गेलेला आवाज ऐकायची छाती नव्हती.

थेरपीच्या बाई माल न्यायला घरी आल्या. पहिली काही वाक्यं वाजली. पुढची वाजेनात. नावं सगळी जागच्या जागी, आत काही नाही. बाईंचा चेहरा उतरत गेला आणि हे एकेका नावावर पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिले.

डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे धावलो. त्यानं पेन ड्राइव्ह हातात घेतल्या घेतल्या ओळखलं. "बनावट आहे, काकू. जागा दाखवते दोन टीबी, असते चिमूटभर. भरली की पुढे नुसती नावं लिहून घेते." फोटो आधी भरले गेले होते, आवाजाच्या सुरुवातीलाच जागा संपली. एसएसडी पुसली की आतून स्वतःच झाडून घेते, असं तो म्हणाला. आणि हार्ड डिस्क? ती तर ह्यांनी इतकी नीट पुसली होती की त्यानंही हात टेकले. इतकं चोख काम करायला कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

उरलं काय, तर "कृपया खिडकी बंद करा" आणि "मला पाणी हवं आहे." तेवढ्यावर आवाज बनत नाही.

मी ओरडले नाही. बोलते कुणाला? उलट बोलायला समोर आवाज हवा ना! आता त्यांच्या कॉम्प्युटरला एक तयार आवाज बसवलाय. कुणा गुळगुळीत माणसाचा आहे, बातम्या सांगितल्यासारखा बोलतो. "भाजीत मीठ कमी आहे" हेसुद्धा तो इतकं अदबीनं सांगतो की अंगावर काटा येतो.

काल दुपारी ह्यांनी तो बंद केला आणि कितीतरी दिवसांनी पाटी घेतली. "माझा आवाज कसा होता गं? मला आतूनच माहीत."

"कसा म्हणजे? फुटक्या डब्यासारखा!" मी म्हटलं. "गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं, स्वारी चिडलीय म्हणून."

त्यांचे खांदे हलले. हसले. मग लिहिलं : "तुला आठवतो ना?"

"न आठवायला काय झालं? झोपेतून उठवून विचारा!"

त्यांनी समाधानानं पाटी पुसली आणि जरा आडवे झाले.

मी खोटं बोलले. तो तयार आवाज घरात शिरल्यापासून मागचं काहीही आठवायला जावं तर तोच बोलतो. लेक झाली तेव्हा हे दवाखान्यात माझ्या उशाशी वाकून म्हणाले होते, "तुझ्यासारखीच आहे, आता माझं काही खरं नाही." काल ते आठवलं. तेसुद्धा त्या परक्या माणसानंच म्हटलं.